फुटबॉल खेळताय? बूट घेण्याआधी मैदान बघा!

कॉलेज टीममधली बरीच पोरं वर्षभर एकच बूट वापरतात. घोटाळा इथंच होतो.

पावसाळ्यात आखूड स्टडमध्ये चिखल भरतो आणि पाय घसरतो. तिथं लांब, कमी स्टड लागतात. १९५४ च्या वर्ल्ड कप फायनलला बर्नमध्ये पाऊस होता. पश्चिम जर्मनीचे खेळाडू स्क्रूने बदलता येणाऱ्या स्टडचे बूट घालून उतरले आणि बलाढ्य हंगेरीला ३-२ ने हरवलं. त्या विजयात बुटांचाही वाटा मानला जातो.

उन्हाळ्यातल्या कडक मैदानात मात्र लांब स्टड रुतत नाहीत. पाय डगमगतो, घोटा मुरगळतो. तिथं आखूड आणि जास्त रबरी स्टड बरे.

दुसरा धोका म्हणजे पाय रुतला अन् अंग वळलं, तर गुडघ्याचं लिगामेंट तुटू शकतं. मग अख्खा सीझन घरी. म्हणून मॅचआधी मैदानावर फेरी मारा, हाफटाइमला चिखल काढा.