मिरची तोडायला जाताना गॅसची टाकी न्यायची का?



जानेवारी लागला की बैठकीत बचतीपेक्षा जास्त बोलणं 'यंदा कुठे जायचं' यावर होते. खम्मम, वरंगलकडे मिरची तोडायला दोन-तीन महिने जायचं म्हणजे पीठ, मीठ, भांडी आणि चूल, सगळं सोबत न्यावं लागते.

मागच्या हंगामात आपल्या एका गटातल्या ताई घरचा मोठा सिलिंडर पिकअपमध्ये टाकून, पोडसाचा पूल ओलांडून तेलंगणात गेल्या. गॅस संपला. तिथल्या एजन्सीने टाकी घेतलीच नाही. ताई मला म्हणाल्या, "कंपनी तीच, लाल रंग तोच, मंग भरून काऊन देत नाही?"

प्रश्न बरोबर आहे. पण घरची १४.२ किलोची टाकी आपण विकत घेतलेली नसते. ती कंपनीची असते, आपण अनामत भरून वापरतो (उज्ज्वलात ती अनामत सरकारने भरली आहे). आपलं नाव एका एजन्सीच्या यादीत असते आणि भरलेली टाकी त्या नावावरच मिळते. कायमचं दूर राहायला जायचं असेल तर टाकी व रेग्युलेटर जमा करून कागद घ्यायचा, तो दाखवून नव्या गावी जोडणी घ्यायची. दोन महिन्यांसाठी हे करू नका. टाकीला टोपी लावून ती घरीच राहू द्या.

त्या ताईंनी मग बाजारातून शिक्का नसलेली छोटी टाकी घेतली, वर शेगडी बसवलेली. दुकानदार मोठ्या टाकीतून नळी लावून किलोवर गॅस भरून देत होता. आठव्या दिवशी तोंडाजवळून गॅस गळला आणि भडका उडाला. हात कोपरापर्यंत भाजला. पंधरा दिवसांची मजुरी गेली, दवाखान्याचा खर्च वेगळा. अशी टाकी कोणतीच एजन्सी घेत नाही, आणि एका टाकीतून दुसरीत असा गॅस भरणं बेकायदेशीर आहे.

टाकी कुठे चालेल हे तिच्यावरच्या शिक्क्यावर ठरते. आपल्या देशात टाकीला मंजुरी देणारं कार्यालय 'पेसो', म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना. (ग्रामसभेचा पेसा नव्हे! मीही आधी गोंधळले होते.) तिचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे. युरोपातही असंच आहे. तिथे टाकीवर 'पाय' या ग्रीक अक्षराची खूण असली तर एका देशातली टाकी दुसऱ्या देशात नेता येते, भरता येते. मान्य खूण नसली तर टाकी कितीही नवी दिसो, भरणारा हात लावत नाही.

आपल्या टाकीच्या वरच्या कड्याला ज्या उभ्या पट्ट्या असतात, त्यांच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे लिहिलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. सी-२८ असेल तर सप्टेंबर २०२८ पर्यंत टाकीची तपासणी व्हायला पाहिजे. तारीख उलटलेली टाकी दारात आली तर घेऊ नका, बदलून मागा. तो तुमचा हक्क आहे. रिकाम्या टाकीचं वजनही तिथेच लिहिलेलं असते. त्यात १४.२ मिळवा आणि काट्यावर बघा.

मग मिरचीला जाताना काय करायचं? कंपनीची ५ किलोची टाकी मिळते. इंडेनवाले तिला 'छोटू' म्हणतात. तिला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरते. एजन्सीत किंवा काही पेट्रोल पंपांवर मिळते आणि दुसऱ्या राज्यातही त्याच कंपनीच्या विक्रेत्याकडे बदलून घेता येते. अनुदान नसल्याने किलोमागे महाग पडते, हे खरं. पण एका झोपडीत चार-पाच जणी राहता, तर वर्गणी करून एक घ्या. शक्यतो तिकडे पोहोचल्यावरच घ्या आणि पावती जपून ठेवा.

कारण नेण्याचेही नियम आहेत. भरलेली टाकी सायकल किंवा मोटारसायकलवर नेता येत नाही. आपल्याकडे सगळेच नेतात, तरी नियम तोच आहे. गाडीत ती उभी ठेवून बांधायची. बल्लारशाहवरून रेल्वेने जाणाऱ्यांनी टाकी अजिबात नेऊ नये. काही जणी साडीत गुंडाळून सीटखाली ठेवतात असं ऐकलं आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ नुसार त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. रिकाम्या टाकीतही थोडा गॅस उरतो, म्हणून तीही नको.

गळतीचा वास आला तर बटण दाबू नका, दार उघडा, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा. हा नंबर तेलंगणातही चालतो, चोवीस तास.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीत मी एक टाकी मधोमध ठेवणार आहे. प्रत्येकीने शिक्का वाचून दाखवायचा. अक्षरं बारीक असतात, चष्मा आणा.