झिंक गेले कुठे?

सिंथेटिक तेल आणि जुने सील हा आजचा ठरलेला विषय पुढच्या आठवड्यात. गेल्या भागात टॅपेटचा उल्लेख आला आणि पुण्याच्या एका पद्मिनीमालकांनी विचारले, "हल्लीच्या ऑइलमधून झिंक काढलंय म्हणतात. मग माझा कॅमशाफ्ट टिकणार का?" ही भीती जुन्या गाड्यांच्या प्रत्येक मेळाव्यात ऐकू येते, म्हणून तिला पूर्ण भाग द्यायला हवा.

झिंक म्हणजे इथे झेडडीडीपी: जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेले संयुग, १९४०च्या दशकापासून इंजिन ऑइलमध्ये वापरात असलेले. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन घ्या किंवा जुन्या अॅम्बेसेडरचे १४८९ सीसीचे. दोन्हींत कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये बसतो आणि त्याचा उंचवटा टॅपेटच्या तळावर घासत सरकतो. दाब इतका की मधले तेल पिळून निघते. अशा वेळी दाब आणि उष्णता यांमुळे झेडडीडीपीचा काचेसारखा फॉस्फेटचा थर धातूवर तयार होतो. झिजतो तो थर, आणि पुन्हा धरतो. आजच्या अनेक इंजिनांत त्या जागी रोलर असल्याने एवढ्या संरक्षणाची गरज उरलेली नाही.

फॉस्फरस कमी झाला तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपायी. तेलाबरोबर जळून तो धुराड्यात जातो आणि कन्व्हर्टर निकामी करतो. भारतात १९९५पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. अमेरिकेच्या एपीआय मानकांत फॉस्फरसची मर्यादा ०.१२ टक्क्यांवरून ०.१०वर आली आणि २००४च्या 'एसएम'मध्ये ०.०८वर.

पण ही कमाल मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना आहे. पद्मिनीत पिढ्यान्‌पिढ्या पडत आलेल्या २०डब्ल्यू-५०ला ती सरसकट लागू नाही! डब्यावर 'रिसोर्स कॉन्झर्व्हिंग' किंवा 'एनर्जी कॉन्झर्व्हिंग' असे छापले असेल, तर मात्र तो डबा ठेवून द्यावा. त्याखेरीज कंपनीच्या माहितीपत्रकात फॉस्फरसचा आकडा शोधावा. ०.१०च्या आसपास असेल तर पद्मिनीवाल्यांनी निश्चिंत राहावे. वरून झिंकची वेगळी बाटली ओतण्याचे कारण नाही; प्रमाण फार वाढले तर तेच रसायन धातूला अपाय करते.

कॅम गोल झाल्याचे गाजलेले किस्से बहुतांशी अमेरिकन व्ही-८ इंजिनांचे आहेत. कडक स्प्रिंग, उंच कॅम आणि नुकतेच बांधलेले इंजिन. वर्षानुवर्षे रुळलेल्या, मऊ स्प्रिंगच्या पद्मिनीला तो धोका फारच कमी.

खरा धोका इंजिन उघडून नवा कॅम आणि नवे टॅपेट बसवल्यावर असतो. टॅपेट स्वतःभोवती फिरला पाहिजे. अडकला की त्याचा तळ खोलगट होतो, उंचवटा झिजतो आणि लोखंडाचा चुरा बेअरिंगपर्यंत पोहोचतो. त्यामुळे कॅमला आधी असेंब्ली पेस्ट लावावी, आणि इंजिन सुरू होताच पहिली वीसेक मिनिटे आयडलवर न सोडता दोन हजार आरपीएमच्या आसपास चालवावे. बऱ्याच जुन्या इंजिनांत कॅमवर तेल पोहोचते ते मुख्यतः क्रँकच्या फेकीने, आणि आयडलला ती फेक अपुरी पडते. त्यानंतर ते तेल आणि फिल्टर लगेच बदलावेत.