बाळाला ऐकू येते काय?

मूल दोन-अडीच वर्षांचे झाले तरी बोलत नाही, तेव्हा वडीलधारी माणसे म्हणतात, ‘त्याचा बापही उशिराच बोलला होता.’ कोणी जीभ जड आहे म्हणते, कोणी गंडादोरा सुचवते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही हे चालते! अशा कितीतरी मुलांची जीभ आणि गळा ठणठणीत असतो. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून बोलता येत नाही.

हजार जन्मांमागे साधारण एक ते तीन बाळांना जन्मतःच ऐकण्याचा दोष असतो. तो आईच्या ध्यानात येत नाही, यात तिचा दोष नाही. बहिरे बाळही पहिले काही महिने इतरांसारखेच रडते, हसते, हुंकार देते. मागून टाळी वाजवली तर सावली पाहून किंवा हवेची झुळूक लागून ते वळते, आणि घरचे निर्धास्त होतात.

तपासणी मात्र सोपी आहे. बाळ झोपलेले असताना कानात मऊ बोंडी बसवून बारीक आवाज सोडतात. निरोगी कानाच्या आतल्या शंखातून त्याला प्रतिसाद येतो, तो यंत्र टिपते. सुई नाही, रक्त नाही. जन्मानंतर कानात पाणी राहिले तर पहिली चाचणी बिघडू शकते. घाबरू नये, पण दुसरी चाचणी चुकवूही नये.

नेमकी इथेच आपली माणसे गळतात. बाळंतीण दोन दिवसांत घरी जाते, तिथून माहेरी. ऊसतोडीचे कुटुंब दिवाळीच्या सुमारास गाव सोडते. जिल्ह्याच्या गावी एक खेप म्हणजे दोघांची मजुरी बुडाली, एसटीचे भाडे वेगळे. अशांना ‘बेफिकीर पालक’ म्हणून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या सवलतीचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. कष्टकरी बाईचे बाळंतपण हा तिच्या एकटीचा प्रश्न नाही, ही ती भूमिका होती.

डॉक्टरांचा हिशेब असा: एका महिन्यात तपासणी, तीन महिन्यांत पक्के निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. भाषा शिकण्याची मेंदूची उमेद पहिल्या वर्षांत सर्वांत जास्त असते. कमी वजनाचे, जबर कावीळ झालेले, काचेच्या पेटीत ठेवलेले बाळ असेल, गरोदरपणी आईला रुबेला झाला असेल किंवा लग्न मामाच्या मुलीशी झाले असेल, तर तपासणी टाळूच नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. पण तोवर थांबू नये. आशाताई बाळाला पाहायला घरी येतात, तेव्हाच विचारावे, ‘कानाची तपासणी कुठे होते?’

यंत्र मिळाले म्हणजे काम संपले असेही नाही. महागाची वस्तू मोडेल म्हणून काही घरांत ते कपाटात ठेवतात, पाहुणे आले की कानाला लावतात. ते जागेपणी सतत कानाला हवे. बाळाचा कान वाढतो, तसा कानातला साचा दर काही महिन्यांनी बदलावा लागतो. आईने भाकरी थापताना, बापाने न्हाऊ घालताना बाळाशी बोलत राहावे. यंत्राचा उपयोग होत नसेल, तर खुणांची भाषा लवकर शिकवावी; त्यात कमीपणा कसला?

भगिनींनो, विहारातल्या महिला मंडळाने एक वही घालावी. वस्तीत जन्मलेल्या बाळाचे नाव, जन्मतारीख, कानाची तपासणी झाली की नाही, दुसरी चाचणी कधी. रविवारच्या वंदनेनंतर ती वाचावी. ज्या आईला एकटीने जायची भीती वाटते, तिच्यासोबत एकीने जावे. जाताना जन्माचा दाखला, आधार, उत्पन्नाचा दाखला आणि दवाखान्यातून सुट्टी मिळाल्याचा कागद सोबत असावा. केंद्राच्या योजनेतून गरीब कुटुंबांना श्रवणयंत्र विनामूल्य मिळते, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो.