मरणासन्नांची संमती
(लेखांक सहावा)

न्यूरेंबर्गच्या न्यायासनाने 1947 साली जी दहा तत्त्वे घालून दिली, त्यांतील पहिलेच, म्हणजे ज्याच्या देहावर प्रयोग व्हावयाचा त्याच्या स्वेच्छापूर्वक संमतीचे तत्त्व, सोळा वर्षांच्या आतबाहेर न्यूयॉर्क शहरातच, आणि तेही ज्यू समाजाचे नाव धारण करणाऱ्या एका रुग्णालयात, पायदळी तुडवले गेले.

1963 च्या जुलै महिन्यात ब्रुकलिनच्या ज्यूइश क्रॉनिक डिसीझ हॉस्पिटलमध्ये, चेस्टर साउथॅम या संशोधकाच्या योजनेबरहुकूम, 22 जराजर्जर व व्याधिग्रस्त रुग्णांच्या त्वचेखाली जिवंत कर्कपेशी टोचण्यात आल्या. निरोगी शरीर अशा परक्या पेशींचा काही आठवड्यांत निकाल लावते आणि कर्करोग्याच्या शरीराला त्यास विलंब लागतो, हे आधीच्या प्रयोगांवरून ठाऊक होते. हा विलंब खुद्द कर्करोगामुळे होतो की कोणत्याही दीर्घ आजारातील क्षीणतेमुळे, एवढेच ठरवावयाचे होते, आणि शास्त्रीय प्रश्न म्हणून तो मुळीच क्षुद्र नव्हता. परंतु रुग्णांना सांगण्यात आले ते इतकेच, की ही प्रतिकारशक्तीची चाचणी आहे. ते घाबरतील या सबबीवर कर्करोगाचे नाव गाळले. ओहायोच्या तुरुंगातील कैद्यांना मात्र हेच नाव स्पष्ट सांगून त्यांच्यावर हाच प्रयोग पूर्वी झाला होता. शिक्षा भोगणाऱ्या बंदिवानाला जे कळण्याचा अधिकार, तो निरपराध रुग्णाला नसावा, याची मला आजही चीड येते.

तीन तरुण डॉक्टरांनी सुई हाती धरण्यास नकार देऊन पुढे राजीनामे दिले. संचालक मंडळावरील विल्यम हायमन या वकिलांनी रुग्णांचे दप्तर पाहण्यासाठी न्यायालयात फिर्याद गुदरली. अखेर राज्याच्या रीजंट मंडळाने साउथॅम आणि रुग्णालयाचे वैद्यकप्रमुख यांच्या सनदा वर्षभरापुरत्या रद्द ठरवून त्या हुकमाची अंमलबजावणी मात्र तहकूब ठेवली. इजा कोणास झाली, असा बचाव अशा वेळी केला जातो. पण प्रयोगाचे फळ हाती येईल तेव्हा आपण असणार नाही हे जाणून मरणोन्मुख मनुष्य जे देतो ते निखळ दान असते, आणि दात्याच्या नकळत उचललेल्या वस्तूला दान म्हणता येत नाही.

यावरून कोणी असे अनुमान काढील, की मरणाऱ्याला काही विचारूच नये. तर तोही अन्यायच. 1965 साली शिकागोत एलिझाबेथ कुब्लर-रॉस मरणासन्न रुग्णांशी संवाद साधू पाहत होत्या, तेव्हा 'आमच्याकडे असा रुग्णच नाही' अशी उत्तरे त्यांना डॉक्टरांकडून मिळाली. प्रत्यक्षात रुग्ण बोलावयास उत्सुक होते. लंडनच्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसमध्ये रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी वेदनाशमनासाठी मॉर्फीन व हेरॉईन यांची तुलना केली, तीही कोणास औषधावाचून तळमळत न ठेवता: एक औषध सुमारे दोन आठवडे, मग दुसरे. सहभागी झालेल्या 699 रुग्णांपैकी दुसऱ्या औषधापर्यंत पोहोचले ते केवळ 146. तरीही योग्य मात्रेत तोंडावाटे दिल्यास दोहोंत म्हणण्यासारखा फरक नाही, हे 1977 साली प्रसिद्ध झाले.

सकाळी दिलेला होकार सायंकाळी, ग्लानी चढल्यावर, टिकतोच असे नाही, म्हणून तो पुनःपुन्हा विचारावा लागतो. शुद्धच हरपली तर आप्तांनी कोणत्या अधिकाराने होकार द्यावा, हा प्रश्न पुढील लेखांकात घेऊ.