डास चावल्याने एड्स होतो काय?



पावसाळा लागला की आपल्या वस्तीत गटारे तुंबतात आणि तिन्हीसांजेपासून डास घरात शिरतात. एका खोलीत सात-आठ माणसे झोपतात. जो डास एकाला चावतो तोच दुसऱ्यालाही चावतो. म्हणूनच आम्ही आरोग्याविषयी बोलू लागलो की एक प्रश्न हमखास येतो. डासामुळे हिवताप होतो, डेंग्यू होतो. मग एड्सच्या रुग्णाला चावलेला डास आपल्याला चावला तर?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे नीट उत्तर न मिळाल्यामुळेच माणसे रुग्णाच्या घरी जाणे सोडतात, त्याचे अंथरूण बाहेर टाकतात, त्याच्या मुलांना खेळात घेत नाहीत. म्हणून उत्तर स्वच्छ शब्दांत सांगतो : नाही. डासाच्या चाव्याने एड्सचा विषाणू, म्हणजे एचआयव्ही, पसरत नाही. त्याची कारणे समजून घेऊ या.

डास म्हणजे उडती सुई नव्हे. त्याच्या सोंडेत लाळ सोडण्याची नळी वेगळी आणि रक्त ओढण्याची नळी वेगळी असते. आधी प्यालेले रक्त तो पुढच्या माणसाच्या अंगात सोडत नाही. सोडतो ती फक्त लाळ. तेव्हा रोगजंतू लाळेपर्यंत पोहोचला तरच रोग पसरतो.

हिवतापाचा जंतू तेथे पोहोचतो. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हा जंतू पाहिला. पुढच्या वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापाचा अभ्यास करून तो लाळग्रंथीत कसा जातो हे त्यांनी दाखविले. डासाच्या पोटात वाढून लाळेत उतरण्यास त्याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. डेंग्यूचा विषाणूही असाच डासाच्या शरीरात वाढतो. एचआयव्हीला मात्र माणसाच्या विशिष्ट पेशी लागतात. त्या डासाजवळ नाहीत. त्यामुळे हा विषाणू तेथे वाढत नाही, रक्ताबरोबर पचून जातो.

आता प्रत्यक्षातला दाखला पाहू. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात बेल ग्लेड हे शेतमजुरांचे गाव आहे. १९८५ च्या सुमारास तेथे एड्सचे रुग्ण फार आढळले. दाटीची घरे आणि डासांचा सुळसुळाट पाहून काहींनी दोष डासांना दिला. सरकारी आरोग्य खात्याने लोकांचे रक्त तपासले. २ ते १० वर्षांच्या मुलांत आणि साठी ओलांडलेल्यांत एकालाही लागण आढळली नाही. डास काय वय विचारून चावतो?

ढेकणांचेही तसेच. कावीळ 'ब'चा विषाणू ढेकणाच्या पोटात काही काळ सापडतो, म्हणून शंका होती. आफ्रिकेतील गांबिया देशात घरांत औषध फवारून ढेकूण खूप कमी केले, तरी मुलांतील लागण कमी झाली नाही. हा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला.

मग हे विषाणू पसरतात कसे? निरोध न वापरता आलेल्या शरीरसंबंधातून, न तपासलेल्या रक्तातून, एकाची सुई दुसऱ्याला वापरल्याने आणि आईकडून बाळाला. तेव्हा इंजेक्शन घेताना सुई नवी, पाकीट समोर फोडलेली आहे ना, हे पाहावे. दाढीचे पाते दुसऱ्याचे वापरू नये. बाळाला जन्मतःच कावीळ 'ब'ची लस द्यावी. डास मारावेत, पाणी साचू देऊ नये. पण ते हिवताप व डेंग्यूसाठी!

एचआयव्हीवरील औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. ती नेमाने घेणारा माणूस कामधंदा करतो, संसार करतो. त्याला भेदभावाने वागविण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. पण शेजाऱ्याच्या मनातली भीती कायद्याने जात नाही. ती समजुतीने जाते. तेव्हा अशा घरी जावे, त्यांच्या हातचा चहा घ्यावा, मुलांना एकत्र खेळू द्यावे. बहिष्कृत होण्याचे दुःख काय असते, हे आपल्या समाजाला कोणी वेगळे सांगण्याची गरज नाही.