लेकीच्या घरातला मेट्रोचा एक टक्का

२०२३ साली लेकीने पुण्यात धायरीला छोटासा फ्लॅट घेतला. ४५ लाखांचा. नोंदणीच्या दिवशी मी फलटणहून पहाटेच्या एसटीने गेले. (अर्ध्या तिकिटात! त्याच वर्षी १७ मार्चपासून आपल्याला एसटीत निम्मं तिकीट सुरू झालं होतं.) बाहेरच्या बाकावर बसून वकिलांचा माणूस हिशेब समजावत होता. "घर एकट्या बाईच्या नावावर आहे, म्हणून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट. पुरुषाला सात टक्के, ताईंना सहा." ऐकून बरं वाटलं. मग म्हणाला, "त्या सहातला एक टक्का मेट्रोचा."

एक टक्का म्हणजे ४५ हजार. आमच्याकडे एवढ्यात एक बरी म्हैस तरी बघता येते.

"अगं, पण तुमच्याकडे मेट्रो कुठाय?" मी विचारलं.

"येईल की," लेक म्हणाली.

घरी आल्यावरही तो एक टक्का डोक्यातून जाईना. मग इकडून तिकडून माहिती काढली. मेट्रोसारख्या मोठ्या वाहतूक प्रकल्पांसाठी हा अधिभार पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांत १ एप्रिल २०२२ पासून घेतला जातो. यामागचा विचार असा की मेट्रो आली की आसपासच्या जागांचे भाव वाढतात, मग ज्याचा फायदा त्याने थोडा वाटा उचलावा. विचार चुकीचा नाही. पण भाव वाढल्याचा फायदा जागा विकणाऱ्याला होतो आणि टक्का भरते घेणारी. तिने तर वाढलेला भावही आधीच मोजलेला असतो!

आता मेट्रोचा खर्च बघा. २०१६ च्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या पहिल्या टप्प्याला मंजुरी मिळाली, तेव्हा सुमारे ३१ किलोमीटरसाठी ११,४२० कोटींचा अंदाज होता. म्हणजे दर किलोमीटरला साडेतीनशे कोटींच्या वर. साधारण निम्मी रक्कम कर्जाची, त्यात युरोपातल्या बँकांचाही पैसा आहे. उरलेल्यात केंद्र आणि राज्य प्रत्येकी २० टक्के, आणि दोन महापालिका मिळून १० टक्के. म्हणजे त्यात फलटण-बार्शीच्या करांचाही पैसा आलाच. तेव्हा 'पुण्याचं पुणेकर बघतील' असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही. शिवाय आपल्या मुली शेवटी नोकरीला जातात कुठे?

मेट्रो वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. २०२४ च्या सप्टेंबरअखेर ती जमिनीखालून स्वारगेटपर्यंत आली. मी बसले. स्वच्छ, गार, आणि बाईमाणसाला निवांत वाटेल अशी. शिवाजीनगरच्या ऑफिसला जायला लेकीची मोठी सोय झाली. पण स्वारगेट धायरीहून सात-आठ किलोमीटर. तिथवर बसच.

एक दिवस मी तिच्याबरोबर मुद्दाम फिरले. जावई भोसरीला कामाला, मोटरसायकल त्याच्याकडे. ही सकाळी नातवाला पाळणाघरात सोडते, चालत बसथांब्यावर येते, बसने स्वारगेट, तिथून मेट्रो. येताना मंडई स्टेशनला उतरून भाजी, सासूबाईंची औषधं, पुन्हा मेट्रो, पुन्हा बस, मग पाळणाघर. जावयाचा प्रवास म्हणजे सरळ रेघ. घर ते कंपनी, कंपनी ते घर. हिचा म्हणजे नुसती रांगोळी, ठिपक्याला ठिपका जोडत जायचं! आणि प्रत्येक ठिपक्यावर नवं तिकीट. शहराच्या वाहतुकीचा आराखडा करताना ऑफिसच्या गर्दीची रेघ आधी दिसते. दुपारी दीड वाजता लेकराला काखेत घेऊन दवाखान्यात निघालेली बाई दिसत नाही. तिला मोठा पूल नको असतो. घराजवळून दर दहा मिनिटांनी जाणारी बस हवी असते, आणि थांब्यापर्यंत धड पदपथ.

बसचं दुखणं घरखर्चासारखंच आहे. फ्रिज घ्यायचा तर हप्त्यावर मिळतो, दुकानदार पेढेसुद्धा देतो. पण रोजच्या दुधासाठी कोण कर्ज देतं? पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन बससेवा २००७ मध्ये एक होऊन पीएमपी झाली. तिची दरवर्षीची तूट दोन्ही महापालिका ६० आणि ४० टक्के अशी भरतात. मोठ्या बांधकामाला दिल्लीहून, परदेशातून पैसा येतो. चालक-वाहकांचे पगार, गॅस, टायर हे मात्र गल्ल्यातून आणि महापालिकेच्या खिशातून. म्हणून बांधकामाला 'विकास' म्हणतात आणि बस चालवण्याला 'तोटा'. २०२५ च्या जूनमध्ये किमान तिकीट पाचाचं दहा झालं. एसटीच्या निम्म्या तिकिटाची भरपाई राज्य सरकार एसटीला देतं, शहरबस मात्र त्या योजनेत आली नाही.

पुण्याला हे सगळं उमगलं नव्हतं असंही नाही. २००६ मध्ये देशाचं शहरी वाहतूक धोरण आलं, त्यात वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व दिलं होतं. त्याच डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठी वेगळी मार्गिका करून पुण्याने देशात पहिला मान मिळवला. पण त्या मार्गिकेत गाड्या घुसत राहिल्या आणि पुढे तिची दुर्दशा झाली. नगर रस्त्यावर २०१६ मध्ये केलेली मार्गिका तर नंतर उखडूनच टाकली. केलेलं मोडायचं म्हणजे दोनदा खर्च. घरात असं केलं तर सासू बोलल्याशिवाय राहील का?

आता खडकवासला-स्वारगेट-हडपसर-खराडी या नव्या मेट्रोला २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्राची मान्यता मिळाली आहे. म्हणजे लेकीचा एक टक्का अगदीच वाया गेला नाही म्हणायचं! पण काम पूर्ण करायला पाच वर्षं धरली आहेत. तोवर नातू तिसरी-चौथीत जाईल.

मध्यंतरी तिचा फोन आला. "आई, स्कूटी घेऊ का गं? हप्त्यावर मिळतेय." मी काय सांगणार? तिचा वेळ वाचेल हे खरं. पण तिच्यासारख्या सगळ्याच जणी बस सोडून स्कूटीवर आल्या, तर आधीच भरलेल्या त्या सिंहगड रस्त्याचं काय होईल, आणि रिकाम्या बसची तूट किती वाढेल?

तेवढ्यात तिच्या सोसायटीतल्या एकीने एक गोष्ट सांगितली. पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा. ही पद्धत २००६ च्या सुमारासची, पण सोसायटीत फार कुणाला ठाऊक नव्हती. चौघींनी मिळून अर्ज लिहिला. थांब्यावर शेड, वर दिवा, आणि पाळणाघरापासून थांब्यापर्यंत पदपथ. पोच घेऊन आल्या.

"स्कूटीचं काय ठरलं?" मी विचारलं.

"पहिल्या हप्त्याचे पैसे बाजूला काढून ठेवलेत," लेक म्हणाली, "दिवाळीपर्यंत थांबते."