निबंधात विषय की विद्यार्थी?

दिवाळी जवळ आली की व्यापारी घरांत वर्षभराच्या हिशेबाची आवराआवर सुरू होते. अलीकडे काही घरांत त्याच दिवसांत आणखी एक लेखन चाललेले असते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांच्या प्रवेशअर्जाची पहिली मुदत १ नोव्हेंबरला संपते आणि बारावीतील मुलगा किंवा मुलगी अर्जासोबतच्या निबंधापाशी अडलेली असते. पेढीवरून परतलेले वडील म्हणतात, "अर्थशास्त्र शिकायचे आहे ना? मग अर्थशास्त्रावरच लिही." सल्ला सरळ वाटतो; परंतु तो सर्वत्र लागू पडत नाही.

अमेरिकेतील हजारांहून अधिक महाविद्यालये 'कॉमन अ‍ॅप' हा सामाईक अर्ज स्वीकारतात. त्यातील मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो आणि तोच सर्व महाविद्यालयांकडे जातो. त्यासाठी दिलेल्या प्रश्नांत अपयश, कृतज्ञता, एखाद्या समजुतीला दिलेले आव्हान, मन गुंतवणारी कल्पना असे विषय असतात; कोणता अभ्यासक्रम हवा, हे त्यांत थेट विचारलेले नसते. गुणपत्रिकेतून न दिसणारा विद्यार्थी कसा आहे, हे वाचणाऱ्याला जाणून घ्यायचे असते. शिवाय तेथील बहुतेक महाविद्यालयांत मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवता येतो. एका ठिकाणी अर्थशास्त्रासाठी आणि दुसऱ्या ठिकाणी सांख्यिकीसाठी अर्ज करणाऱ्याने मुख्य निबंध एकाच विषयाला वाहिला, तर दुसरीकडे तो विसंगत ठरू शकतो.

मग विषयाविषयी लिहायचे कोठे? त्यासाठी अनेक विद्यापीठे स्वतंत्र पूरक निबंध मागतात. 'हाच विषय का?' या प्रश्नाचे उत्तर तेथे नेमके आणि सविस्तर द्यावे. अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राचा प्रवेश जेथे विषयवार दिला जातो, तेथे या उत्तराचे महत्त्व अधिक. कॅलिफोर्निया विद्यापीठाची पद्धत आणखी वेगळी आहे. तेथे आठ प्रश्नांपैकी चार निवडून प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरे लिहायची असतात आणि त्या आठांतील एक प्रश्न प्रेरणा देणाऱ्या अभ्यासविषयाचाच आहे.

ब्रिटनची रीत मात्र जवळजवळ उलटी आहे. तेथे विद्यार्थी पहिल्या दिवसापासून ठरलेल्या विषयासाठीच प्रवेश घेतो. 'यूकास' या यंत्रणेमार्फत जाणाऱ्या निवेदनाची मर्यादा ४,००० अक्षरचिन्हांची आहे. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न झाले आहेत: हा अभ्यासक्रम का, आजवरच्या शिक्षणाने त्याची तयारी कशी झाली आणि शिक्षणाबाहेर त्यासाठी काय केले. तेथे विषय सोडून घरच्या आठवणींत रमणे नुकसानीचे ठरते. अमेरिकेसाठी लिहिलेला निबंध ब्रिटनला जसाच्या तसा धाडणे म्हणजे एका गिऱ्हाइकाचा माल दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवणे होय.

याचा अर्थ अमेरिकेच्या मुख्य निबंधात आवडता विषय वर्ज्य आहे, असा नव्हे. समजा, सांगलीच्या हळदपेठेतील एका अडत्याच्या मुलीला अर्थशास्त्र शिकायचे आहे. पहिल्या मसुद्यात ती लिहिते, 'लहानपणापासून मला अर्थशास्त्राची ओढ आहे.' हे वाक्य कोणीही लिहू शकेल. दुसऱ्या मसुद्यात ती आजोबांकडून ऐकलेली गोष्ट सांगते. हरिपूरच्या जमिनीतील पेवांत हळद वर्षानुवर्षे साठवली जाई आणि २००५ च्या महापुराने त्या पेवांची मोठी हानी केली. भाव वाढण्याची वाट पाहणाऱ्याने जोखीम किती पत्करावी, आणि बुडालेल्या मालाचा भार शेतकऱ्याने सोसावा की व्यापाऱ्याने, हा प्रश्न तेव्हापासून तिच्या मनात आहे. आजोबांचे उत्तर तिला पटलेले नाही, हेही ती लिहिते. या मसुद्यात 'अर्थशास्त्र' हा शब्द एकदाही आला नाही, तरी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी स्पष्ट दिसते. मग पूरक निबंधात तीच कथा पुन्हा सांगण्याची गरज उरत नाही. विमा, साठवणूक आणि बाजारभाव यांचा कोणता अभ्यास करायचा आहे, एवढेच तेथे सांगितले की पुरे.

खरी कसोटी आहे ती प्रामाणिकपणाची. पेढीची गरज म्हणून घरच्यांनी विषय ठरवला आणि मुलाचा ओढा इतिहासाकडे असला, तर व्यवस्थापनावरचा निबंध कितीही घोटला तरी कोरडाच राहतो. अशा वेळी पैसे मोजून दुसऱ्याकडून लिहून घेण्याचा मोह होतो. परंतु अर्ज पाठवताना विद्यार्थी हे लेखन आपले स्वतःचे आणि सत्य असल्याची ग्वाही देतो. खोट्या नोंदीवर स्वतःची सही करू नये, हे व्यापाऱ्याच्या घरात निराळे शिकवावे लागत नाही.

म्हणून पालकांनी मसुदा हाती घेण्यापूर्वी मुलांना एकच प्रश्न विचारावा: "अर्जातील विषयाचे नाव झाकले, तरी हा निबंध तुझाच आहे, हे ओळखता येईल का?" उत्तर 'होय' असेल, तर त्यात विषय आला काय आणि न आला काय, चिंता नको. उत्तर 'नाही' असेल, तर दुरुस्ती निबंधापुरती नसून आधी घरात बोलणे आवश्यक आहे. मुदत संपण्यापूर्वी त्यासाठी एक संध्याकाळ काढणे सहज शक्य आहे.